बाबांसाठी मुलांनी स्वतः काय करावं? (पावसात वाळेल असं सुचवा)

सईची_आई | २ जून, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवीय. यंदा फादर्स डे २१ जूनला आहे. मला स्वतःला त्या दिवसाचं फार काही नाही, पण सईला (वय १०) मैत्रिणीकडून कळलं आणि तिचं बघून ओमनेही (वय ६) जाहीर केलं, "मी बाबांना रॉकेट करून देणार."

गेल्या वर्षी आम्ही कार्ड केलं होतं. म्हणजे खरं सांगायचं तर मी केलं होतं, मुलांनी टिकल्या चिकटवल्या. बाहेर पाऊस, फेविकॉल वाळेना, म्हणून मी हेअर ड्रायर फिरवला तर कार्डशीटचा पापड झाला. नवऱ्याने "अरे वा, छान" म्हणून ते फ्रिजवर ठेवलं. तिथून ते मागे पडलं ते थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडलं, बुरशीसकट.

यंदा मुलांनीच केलेलं हवं आणि बाबाच्या दोन दिवस तरी उपयोगी पडावं. बाजारातून तयार किट आणायचं नाहीये. १५ तारखेला शाळा सुरू होतेय, त्यामुळे हातात जेमतेम दोन आठवडे. सुचवा पटापट.

संत्रानगरी | २ जून, रात्री १०:४०

सर्वात आधी, वाळवायचं काम असेल तर आमच्या नागपूरला पाठवून द्या. इथे अजून असं ऊन आहे की फेविकॉल बाटलीतच वाळतोय. अन् आमच्याकडे शाळाही महिन्याच्या अखेरीस उघडतात, पोरं रिकामीच आहेत.

माझ्या पोराने मागे आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड केला होता. दिसायला किल्ल्याचा पडका बुरूज, पण यांच्या टेबलवर अजून आहे. वाळल्यावर आतून पुठ्ठ्याची नळी बसवा, नाहीतर पेनं काड्यांमधून बाहेर डोकावतात.

सडेतोड | २ जून, रात्री ११:०५

आमच्या लहानपणी असले 'डे' नव्हते. वडिलांना चहा नेऊन दिला आणि चपला जागेवर लावल्या की झालं. हे सगळं कार्ड विकणाऱ्या कंपन्यांचं खूळ आहे. चालू द्या.

यारा_काठचा | ३ जून, पहाटे ४:२०

सडेतोड, कंपन्यांनी नंतर हात धुऊन घेतले हे खरंच, पण सुरुवात तशी नव्हती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी सोनोरा स्मार्ट डॉड नावाच्या बाईंनी हे काढलं. त्यांची आई गेल्यावर वडिलांनी सहा मुलांना वाढवलं होतं. १९०९ मध्ये चर्चमध्ये मातृदिनाचं प्रवचन ऐकताना त्यांच्या मनात आलं की वडिलांसाठी का नसावा. १९ जून १९१० ला पहिला साजरा झाला. सरकारी शिक्का मात्र १९७२ मध्ये, निक्सन यांच्या सहीने. म्हणजे बासष्ट वर्षं बाप रांगेत उभे होते.

अवांतर: आमच्या मेलबर्नला हा दिवस सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असतो. शाळेत स्टॉल लागतो, मुलं दोन-चार डॉलर घेऊन जातात आणि काहीतरी घेऊन येतात. माझ्याकडे "बेस्ट डॅड" लिहिलेल्या चार किचेन आणि तीन मग आहेत. तेव्हा सईची_आई, मग सोडून काहीही चालेल.

फळा_खडू | ३ जून, सकाळी ७:३५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. कार्यानुभवाच्या तासाला वर्षानुवर्षं मुलांकडून फुलदाण्या करून घेतल्या. त्यात फुलं ठेवलेली एकाही घरात पाहिली नाहीत. मग शेवटच्या काही वर्षांत उलट सुरुवात केली, तेच इथे सांगते.

आत्ताच वस्तू ठरवू नका. दोन्ही मुलांना एकेक छोटी वही द्या आणि चार दिवस बाबांच्या मागे गुप्तहेर म्हणून लावा. बाबा रोज काय शोधतात? कशावर वैतागतात? कोणती वस्तू खिशातून काढून कुठे ठेवतात? सहा वर्षांच्याला लिहिता येत नसेल तर त्याने चित्र काढावं. त्यातूनच काय करायचं ते कळतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहून आणलं होतं, "वडील पंपाला हात लावण्याआधी चप्पल काढून लाकडावर उभे राहतात." शेतातल्या मोटारीला शॉक बसायचा! भेट राहिली बाजूला, आम्ही आधी त्यांना वायरमनकडे पाठवलं.

तुमचे यजमान काय करतात, कधी घरी असतात, हे मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत.

सईची_आई | ३ जून, सकाळी ९:५०

बाई, काय सुंदर कल्पना! (आणि बापरे, तो पंप.)

नवरा चाकणला कंपनीत आहे. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. रात्रपाळी असली की सकाळी सातला सुटतो, बसने घरी यायला साडेआठ. मग दुपारपर्यंत झोप. सासूबाई घरी असतात, मी ऑफिसला. मुलांना आज सकाळीच वह्या दिल्या. ओमने आत्ताच विचारलं, "गुप्तहेराला चष्मा लागतो ना?"

प्रयोगवही | ३ जून, दुपारी १:१५

मोठी काहीतरी शिवेल-बिवेल, धाकट्यासाठी माझ्याकडून एक. हळदीचं पत्र. एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या जुन्या पुस्तकात हे आईच्या वाढदिवसाचं कार्ड म्हणून होतं. बाबालाही चालतं, हळदीला फरक कळत नाही.

पांढऱ्या कागदाला हळदीची पातळसर पेस्ट लावून वाळवायची. पिवळाधमक कागद होतो. कपड्यांच्या साबणाचं घट्टसर पाणी करून कापसाच्या काडीने त्यावर लिहायचं. अक्षरं लालभडक उमटतात. हळद आम्लारी पदार्थाला भेटली की लाल होते, वरणाचा डाग साबणाने धुताना दिसतो तोच प्रकार. मुलं किंचाळतात अक्षरशः. दोन सूचना: खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, आणि हे पत्र उजेडात ठेवलं की फिकं पडत जातं, म्हणून पाकिटात घालून द्या.

सडेतोड | ३ जून, दुपारी १:४०

आणि हळदीचे हात भिंतीला लागले की काय करायचं तेही पुस्तकात आहे का?

प्रयोगवही | ३ जून, दुपारी १:४४

भिंतीवर साबण लावू नका एवढंच. हलकेच घ्या.

शाडूवाला | ३ जून, सायंकाळी ६:३०

पेणचा आहे, त्यामुळे माती सुचवणं भाग आहे. आमच्याकडे आत्ता कारखान्यांत गणपतीचंच काम चाललंय. मूठभर शाडू, त्यावर मुलाच्या तळव्याचा ठसा, झाला पेपरवेट. पण माती चांगली मळा, आत हवा राहू देऊ नका. वाळवायला सावलीत ठेवा. घाई करून उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की तडकलीच. या हवेत अंगठ्याएवढ्या जाडीला आठ-दहा दिवस धरा, म्हणजे करायचं तर याच आठवड्यात. पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नका, सोलून निघतो. आणि भाजलेली नसते, तेव्हा पाणी लागलं की परत चिखल. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कौतुकाने धुवायला घेतील.

कोकणकन्या | ३ जून, रात्री ८:०५

पेपरवेट म्हटल्यावर आठवलं. माझी आजी वर्तमानपत्राचा लगदा करून टोपल्या करायची. कागद दोन-तीन दिवस भिजत घालायचा, मग कुटायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही. पालथ्या पातेल्यावर थापायचा, वाळला की सोडवायचा. बाबांच्या किल्ल्या-पाकीट ठेवायला मस्त होईल. पण हे मे महिन्याचं काम. आत्ता केलंत तर टोपलीवर टोपलीपेक्षा मोठी अळंबी उगवतील. पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा.

दोन_मुलींचा_बाप | ३ जून, रात्री ९:२०

धाग्यावर बाप कमी दिसताहेत म्हणून लिहितो. घेणाऱ्याच्या बाजूने.

थोरलीने चौथीत असताना मला कुपनांचं पुस्तक दिलं होतं. दहा कुपनं, स्टेपलर मारलेली. "पाय चेपून मिळतील, ५ मिनिटे." "डोक्याला तेल, १ वेळ." "गाडी पुसून मिळेल (फक्त पुढची बाजू)." एकावर "मी दिवसभर का असे विचारणार नाही". ते मी पहिल्याच दिवशी वापरलं आणि साडेअकरापर्यंत टिकलं. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात "शनिवारी बंद".

नऊ वापरली. एक पाय चेपायचं राहिलं, ते पाकिटात होतं. आता ती हॉस्टेलला आहे. गेल्या महिन्यात घरी आली तेव्हा मी काढून दाखवलं, तर म्हणे "बाबा, आज शनिवार आहे." आणि होता की!

खर्च शून्य, वाळवायचं काही नाही. सुचवतो.

नाशिकची_मिसळ | ३ जून, रात्री ९:३२

"फक्त पुढची बाजू" +१. वकील होणार ती.

बंदरावरची | ४ जून, सकाळी ११:००

नवरा बोटीवर असतो, सहा-सात महिने. त्यामुळे आमची भेट पाकिटात मावणारी आणि चपटीच लागते. आम्ही एक करतो ते सांगते, ज्यांचे बाबा लांब आहेत त्यांच्यासाठी.

जाड रेशमी दोरा घेऊन मुलाच्या उंचीएवढा कापायचा, डोक्यापासून टाचेपर्यंत. बाबा बोटीवर गेला तेव्हा जेवढी उंची होती तिथे गाठ मारायची. (निघायच्या दिवशी दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवली असेल तर सोपं जातं.) बंदरावर माणूस बदली जाणार असला की त्याच्या हाती पाठवते. नवरा केबिनच्या दाराला वरून लटकवतो आणि गाठीच्या वर राहिलेल्या दोऱ्यावरून मूल किती वाढलं ते ताडतो. मागच्या खेपेला गाठीच्या वर चार बोटं दोरा होता. फोन करून म्हणाला, "हे खोटं आहे, परत मोज."

अनघड | ४ जून, रात्री १०:५०

लिहावं की नाही असं वाटत होतं. माझ्या मुलीचे वडील नाहीत, ती तीन वर्षांची असताना गेले. गेल्या वर्षी शाळेत सगळ्या वर्गाला बाबांसाठी टायच्या आकाराचं कार्ड करायला लावलं. हिने केलं, छान रंगवलं आणि दप्तरात तसंच ठेवलं. चार दिवसांनी डबा काढताना मला दिसलं. शाळेचं नाव लिहीत नाही, बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं हेही माहीत आहे. फक्त आधी एक शब्द कुणी मला विचारला असता तर बरं झालं असतं.

यंदा तिने स्वतःहून सांगितलं की मामाला करायचं. मामाचं चहाचं दुकान आहे. त्याच्यासाठी दरांची पाटी रंगवणार आहे. माझ्या भावाचं अक्षर म्हणजे डॉक्टरच्या वर. गिऱ्हाईकं "कटिंग" ऐवजी "कुटिंग" वाचतात.

फळा_खडू | ५ जून, सकाळी ७:१०

अनघड, बरं केलंत लिहिलंत. मी स्वतः ही चूक केलेली आहे, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत. नंतर फळ्यावर "घरातल्या एका मोठ्या माणसासाठी" असं लिहायला लागले. तेवढंच पुरतं.

पाटीला ऑइलपेंट वापरा. चहाच्या वाफेने पोस्टर कलर पंधरा दिवसांत ओघळेल.

सईची_आई | ७ जून, दुपारी ४:१५

अनघड, पाटीचा फोटो नक्की टाका.

गुप्तहेर खात्याचा अहवाल आला. या आठवड्यात नेमकी रात्रपाळी होती. सईच्या वहीतून जसंच्या तसं:

"बुधवार. बाबा आले. सॉक्स सोफ्याखाली. बाबा झोपले. डोळ्यांवर टॉवेल. ९:४० दूधवाला बिल घ्यायला, बेल. ११:०५ कुरियर, बेल. ११:३० शेजारच्या काकू, बेल दोनदा. बाबा उठून आले आणि 'कोण आहे' म्हणाले. टॉवेल खाली पडला होता. गुरुवार. ओळखपत्र शोधले (फ्रिजवर होते). बेल चार वेळा."

ओमच्या वहीत एकच चित्र तीन पानांवर आहे: आडवा माणूस, तोंडावर चौकोन.

मला इतकी वर्षं हे दिसलं नाही हो. म्हणजे टॉवेल रोज दिसायचा, पण तो माझ्या लेखी वाळत घालायचा टॉवेल होता. मी सकाळी निघून जाते, बेल किती वेळा वाजते मला माहीतच नव्हतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे दारापर्यंत पोचेस्तोवर वेळ लागतो, तोवर दुसरी बेल होते.

तर डोळ्यांवरची पट्टी आणि दाराला काहीतरी पाटी, असं ठरतंय. शिवणाऱ्यांनो, धावा. घरात मशीन नाही.

सुईदोरा | ७ जून, सायंकाळी ५:२०

आले. मशीन नकोच, दहा वर्षांची मुलगी हाताने छान शिवेल. लिहून घ्या.

त्यांचा जुना, मऊ झालेला सुती शर्ट घ्या. नवीन कापड डोळ्यांना टोचतं. आठ इंच लांब आणि चार इंच उंच, मध्ये नाकासाठी उलट्या वाटीसारखी खाच. आधी वर्तमानपत्राचा नमुना कापून बाबा झोपलेले असताना अलगद तोंडावर धरून बघा. (हे काम गुप्तहेराला द्या.) शर्टाचे दोन तुकडे आणि मध्ये काळ्या कापडाचा एक, नाहीतर उजेड आत येतो. जुन्या छत्रीचं कापड घालू नका, वारा लागत नाही, घाम येतो.

शर्टाच्या तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून, काळा तुकडा त्यांच्या वर ठेवून (सुलटं केल्यावर तो मध्ये जातो) कडेने धावदोरा घाला. परत फिरताना मोकळ्या राहिलेल्या जागांतून उलटा धावदोरा, म्हणजे फटी राहत नाहीत. तीन बोटं जागा न शिवता सोडा, तिथून सुलटं करा, मग ती जागा वरून शिवून टाका. इलॅस्टिक: डोक्याचा घेर मोजा, त्यातून पट्टीचे आठ इंच वजा करा, वर आणखी इंचभर कमी करा. इलॅस्टिकची टोकं शिवतानाच आतल्या बाजूला धरायची, मागाहून लावलेली उसवतात.

हो, आणि त्या शर्टाचा खिसा फेकू नका. तीन बाजूंनी शिवलेलाच असतो. मागच्या कापडासकट कापून कडा दुमडून शिवल्या की ओळखपत्र ठेवायची पिशवी तयार. दाराजवळ खिळ्याला अडकवा.

यारा_काठचा | ७ जून, सायंकाळी ६:०२

खिशाची कल्पना मी ढापली आहे. सप्टेंबरपर्यंत मुलाला शिवण शिकवावं लागेल. त्याआधी मला.

नाशिकची_मिसळ | ७ जून, रात्री ८:४५

दाराच्या पाटीसाठी: नुसतं "बाबा झोपलेत" लावलंत तर रोज काढा-लावा होणार. पुठ्ठ्याची गोल चकती करा, तीन भाग, "झोपलेत", "जागे आहेत", "कंपनीत". मधोमध फिरणारा काटा. आमच्याकडे कोण घासणार भांडी याची अशी चकती आहे. ती कायम माझ्यावरच थांबते तो भाग वेगळा.

पुठ्ठा नुसता ठेवू नका, पावसात वाकतो. मिठाईच्या खोक्याचा घ्या, दोन थर उलटसुलट चिकटवा, रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. घरी केलेली खळ चालते (मैदा एक वाटी, पाणी चार वाट्या, पारदर्शक होईस्तोवर शिजवायची), पण या दिवसांत दुसऱ्या दिवशी आंबते. आणि आजीच्या पद्धतीने त्यात मोरचूद घालायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, ते विष आहे, घरात सहा वर्षांचं पोर आहे. त्यापेक्षा फेविकॉल पातळ थरात लावा, जाड थर वाळत नाही. ड्रायर नको!

सुईदोरा | ७ जून, रात्री ९:१०

काटा बसवायला शर्टाचंच बटण वापरा. मोठं भोक दाभणाने तुम्ही पाडून द्या. पण घट्ट शिवलं तर काटा फिरणार नाही. युक्ती अशी: बटण आणि काटा यांच्यामध्ये काडेपेटीची काडी आडवी ठेवायची, काडीवरूनच दोरे घ्यायचे, गाठ मारायची आणि मग काडी ओढून काढायची. तेवढी फट राहते आणि काटा गरगर फिरतो. कोटाची बटणं लावताना करतात तसंच.

सडेतोड | ८ जून, सकाळी ८:००

काडीची युक्ती चांगली आहे. माझ्या कोटाचं बटण तीन वर्षं घट्ट बसलंय, आज करून बघतो.

संत्रानगरी | ८ जून, सकाळी ८:१२

अहो, सडेतोड कामाला लागले! धागा सार्थकी लागला बापा.

सईची_आई | १४ जून, रात्री ९:३०

प्रगती. चकती झाली. दोन थर, चार दिवस शब्दकोशाखाली. अक्षरं सईची, रंग ओमचा. ओमने चौथा भाग हवाच म्हणून रडून घेतला. "झोपलेत", "जागे आहेत", "कंपनीत" आणि "क्रिकेट". काडेपेटीची युक्ती अफलातून, पहिल्या झटक्यात जमली.

पट्टीचं मात्र पहिलं प्रकरण फसलं. सईने मापासाठी बाबाचं डोकं कसं मोजणार म्हणून ओमचं मोजलं. शिवून झाल्यावर मी घालून पाहिली तर डोळे मिटायची गरजच नाही, इलॅस्टिकनेच मिटतात. सुईदोराताई, ते उसवावं की नवीन करावं?

सुईदोरा | १४ जून, रात्री ९:४८

उसवू नका, पोरीचा जीव तुटेल. इलॅस्टिक मध्ये कापून तीन इंचांचा तुकडा जोडा. जोड मागे येतो, दिसत नाही. बाबांच्या डोक्याचं माप त्यांच्या हेल्मेटच्या आत दोरा फिरवून घ्या. अगदी अचूक येणार नाही, पण ओमपेक्षा जवळचं येईल.

अनघड | २० जून, सायंकाळी ७:२५

पाटी आज लागली. ऑइलपेंट, पिवळ्यावर काळी अक्षरं. "कटिंग" स्पष्ट वाचता येतं. तिने खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातलीय, "उधार मागितल्यास आईला सांगेन". मामा दिवसभर गिऱ्हाइकांना ती दाखवतोय.

सईची_आई | २२ जून, रात्री १०:०५

झालं एकदाचं. शनिवारी रात्रपाळी होती, त्यामुळे रविवारी साडेआठला बाबा घरी. मुलं सहापासून उठून बसलेली. हळदीचं पत्र ओमने स्वतः दिलं. प्रयोगवही, लाल अक्षरं अगदी झकास आली, फक्त "बाबा" मध्ये एक काना कमी पडला आणि पत्र "बाब" ला उद्देशून झालं. नवऱ्याने वाचलं, "प्रिय बाब".

पट्टी लगेच घातली. जोड टोचत नाही म्हणाला. सईने शेजारी बसून वही काढली आणि निरीक्षण चालू ठेवलं. नोंद: "९:१० झोपले. बेल ० वेळा. १:५० उठले. पट्टी तोंडावर होती." सासूबाई म्हणाल्या, इतकी सलग झोप रविवारी कधीच झाली नव्हती त्याची. खिशाच्या पिशवीत ओळखपत्र ठेवलंय. पिशवीवर अजून कंपनीच्या नावाची अर्धी शिलाई दिसतेय.

उठल्यावर दार उघडून बघतो तर काटा "क्रिकेट" वर. ओम बॅट घेऊन जिन्यात उभा.

आता तक्रार. आज त्याची दुसरी पाळी, दोनला निघाला. निघताना कुणीतरी (ओम म्हणतो दादागिरी करून सईने, सई म्हणते ओमने) काटा "झोपलेत" वर ठेवला. पावणेचारला सिलेंडरवाला आला. शेजारच्या काकू सांगत होत्या, बिचाऱ्याने पाटी वाचली, बेलवरचा हात मागे घेतला, सिलेंडर परत खांद्यावर घेतला आणि चप्पल न वाजवता तीन मजले उतरून गेला.

घरात दुसरी टाकी नाही. उद्याचा स्वयंपाक इंडक्शनवर.

नाशिकची_मिसळ | २२ जून, रात्री १०:११

पाचवा भाग करा: "सिलेंडर असेल तर उठवा".